सेकंड हँड डिझेल पिकअप घेताय? आधी ओझं मोजा, मग गाडी बघा



मागच्या महिन्यात बार्शीजवळच्या एका ताईंचा रात्री साडेनऊला फोन आला. आपल्या बॅचच्याच विद्यार्थिनी. आवाजात घाई.

"सर, गाडी मिळाली. छोटी डिझेल आहे, दोन लाख पंचवीस हजार म्हणतोय. उद्या सकाळी टोकन द्यायचंय. तुम्ही व्हिडिओ कॉलवर एकदा बघाल का?"

मी विचारलं, "ताई, गाडीवर काय बसवणार आहात?"

"किचन. पिठलं-भाकरी, ठेचा, संध्याकाळी भजी. हायवेला लावणार."

"आणि त्या किचनचं वजन किती होईल?"

फोनवर शांतता. मग म्हणाल्या, "ते कसं सांगणार सर? अजून बनवलंच नाहीये."

मित्रांनो, आजचा लेख या एका प्रश्नावर आहे. फूड ट्रक असो, फिरतं दुकान असो, मोबाईल सलून असो नाहीतर पर्यटकांसाठी कॅम्पर, जुनी पिकअप घेऊन त्यावर काहीतरी कायमचं बसवायचं असेल, तर गाडी बघायला जाण्याआधी वजन काढायचं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. १ लाख ८९ हजार रुपये फी भरून शिकलोय.

माझी चूक, आकड्यांसकट

२०१८ ची गोष्ट. कराडला आपलं फरसाण-मसाल्याचं दुकान तेव्हा नुकतं स्थिरावलं होतं. डोक्यात आलं, आठवडी बाजार करायचे. उंब्रज, मसूर, पाटण. दुकानच गाडीवर घेऊन जायचं. बीबीए केलेलं, प्रोजेक्ट रिपोर्ट एकदम झकास बनवला. त्यात सगळं होतं, फक्त वजनाचा रकाना नव्हता.

छोटी डिझेल गाडी घेतली १ लाख ९० हजारांना. वर लोखंडी बॉडी बनवून घेतली ९५ हजारांना. यातले ८० हजार वहिनीच्या भिशीचे होते. ती म्हणाली होती, "भाऊजी, दिवाळीच्या आत परत द्या म्हणजे झालं."

पाच महिने गाडी चालली. मग चिपळूणच्या एका प्रदर्शनाला माल घेऊन निघालो आणि कुंभार्ली घाट उतरताना मागचे कमानपाटे तुटले. नशिबाने गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबली. दुसऱ्या दिवशी टोईंग करून आणली आणि पहिल्यांदा भुईकाट्यावर घातली. गाडीची क्षमता होती ७५० किलो. वर ओझं निघालं १,०६० किलो. नुसती बॉडीच ५२० किलोची. फॅब्रिकेटरने "मजबूत करा" म्हटल्यावर मजबूत केली, त्याची काय चूक?

पाटे, मग क्लच, मग हेड गॅस्केट. दुरुस्तीला ६४ हजार गेले. शेवटी बॉडीसकट १ लाख ६० हजारांना विकली. हिशोब मांडा: १,९०,००० अधिक ९५,००० अधिक ६४,०००, वजा १,६०,०००. राहिला तोटा १,८९,०००. वहिनीचे पैसे दिवाळीला नाही, त्याच्या पुढच्या पाडव्याला दिले. ती काही बोलली नाही. पण तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॅचला हा आकडा मी फळ्यावर लिहितो.

तुमचं ओझं कधीच उतरत नाही

भाजीपाला वाहणारी पिकअप मार्केट यार्डात भरून जाते आणि रिकामी परत येते. रात्री घरी रिकामी उभी असते. म्हणजे पाट्यांना, टायरला, बेअरिंगला विश्रांती मिळते. एखाद्या दिवशी थोडा जास्त माल भरला तरी तो संध्याकाळी उतरतो.

तुमच्या गाडीवरचं किचन उतरत नाही. सकाळी, रात्री, पावसात, गाडी उभी असतानासुद्धा ते पाट्यांवर बसलेलं असतं. आणि ते उंच असतं. बॉडीचं वजन खाली हौद्यात नसून पाच-सहा फुटांवर असतं, त्यामुळे वळणावर गाडी कलते, ब्रेक लागताना पुढे झुकते.

यूट्यूबवर अमेरिकेतले ट्रक कॅम्पर तुम्ही पाहिले असतील. पिकअपच्या हौद्यात बसवलेलं छोटं घर, बेड, शेगडी, बाथरूम सगळं आत. तिकडे जुना डिझेल पिकअप घेणारा जाणकार माणूस आधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडतो. दरवाज्याच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल तो आकडा असतो. तो आकडा कॅम्परच्या भरलेल्या वजनापेक्षा कमी असला, तर इंजिन कितीही ताकदीचं असो, ती गाडी त्याच्या कामाची नाही. आपल्याकडेही २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून कोकणात, सह्याद्रीत कॅम्पर चालवायचं स्वप्न बरेच जण बघतायत. त्यांनाही हेच लागू. स्वयंपाकघर असो की बेडरूम, काट्याला फरक पडत नाही.

ओझं कसं मोजायचं?

वही घ्या. ताईंबरोबर मी त्या रात्री फोनवर जे केलं तेच इथे देतो. हे अंदाज आहेत, तुमचे आकडे वेगळे येतील:

- लोखंडी फ्रेम आणि पत्र्याची बॉडी: ४५० किलो
- काउंटर, रॅक, तवा, शेगड्या: १५० किलो
- दोन भरलेल्या व्यावसायिक गॅस टाक्या: ७५ किलो
- २०० लिटर पाणी आणि टाकी: २१५ किलो
- पीठ, तेल, भाज्या, भांडी: १०० किलो
- बॅटरी, इन्व्हर्टर किंवा छोटा जनरेटर: ६० किलो
- तुम्ही आणि मदतनीस: १३० किलो

एकूण १,१८० किलो.

यात दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. पहिली पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, सरळ हिशोब. दुसरी गॅस टाकी. १९ किलोची टाकी म्हणजे आत १९ किलो गॅस; लोखंडासकट ती साधारण ३५ ते ४० किलो भरते.

आता या बेरजेवर २० टक्के वाढवा. कारण सहा महिन्यांनी तुम्ही फ्रीज घेणार, सणाला डबल माल भरणार, हे मला माहितीये. १,१८० चे झाले १,४१६ किलो. म्हणजे ताईंना लागणार होती दीड टनाच्या आसपासची गाडी, आणि त्या टोकन द्यायला निघाल्या होत्या ७५० किलोच्या गाडीला.

गाडीची क्षमता कुठे बघायची? आरसीवर. त्यावर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. विकणारा म्हणेल, "अहो, आम्ही यात दीड टन वीट नेलीय." त्याने नेली असेल. म्हणून तर विकतोय.

एक जादा टीप. बॉडी कमी वजनाची करता येते. सगळीकडे जाड अँगल न वापरता फ्रेम चौकोनी पाइपची, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा आणि आत हलकं पॅनेल वापरलं, तर बराच फरक पडतो. शेगडी आणि टाक्यांजवळ मात्र जळणारं मटेरियल नको. फॅब्रिकेटरला ऑर्डर देताना वजनाचा आकडा कोटेशनमध्ये लिहून घ्या.

कोणत्या वर्गातली गाडी?

मी कोणत्याही कंपनीची जाहिरात करत नाहीये, हे आधीच सांगतो. बाजारात जुन्या गाड्यांमध्ये साधारण हे वर्ग दिसतात.

छोटा वर्ग: टाटा एस, आपला 'छोटा हाथी'. २००५ मध्ये आली आणि लहान व्यापाऱ्याचं गणितच बदललं. जुन्या डिझेल मॉडेलचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०० सीसीच्या आसपास, क्षमता सुमारे पाऊण टन. चहा, ज्यूस, भेळ, मोबाईल अॅक्सेसरीज, फुलं यांसाठी उत्तम. भटारखान्यासाठी नाही.

मधला वर्ग: अशोक लेलँड दोस्त, २०११ पासून आहे, तीन सिलिंडरचं दीड लिटरच्या आसपासचं इंजिन, मूळ मॉडेलची क्षमता सव्वा टन. २०१९ नंतरची टाटा इंट्रा व्ही-३० सुद्धा साधारण १.३ टनाची. हलकी बॉडी केली तर मध्यम किचन यात बसतं.

मोठा वर्ग: महिंद्रा बोलेरो पिकअप. अडीच लिटरचं चार सिलिंडर इंजिन, मॉडेलप्रमाणे सव्वा टनापासून १.७ टनापर्यंत. घाटात जायचं असेल, बॉडी जड असेल, तर इथून सुरुवात करा.

एकाच नावाच्या गाडीची चार-चार मॉडेल्स असतात आणि प्रत्येकाची क्षमता वेगळी. म्हणून नावावर जाऊ नका, आरसीवर जा.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न: तुमच्या तालुक्यातल्या मिस्त्रीला कोणती गाडी डोळे मिटून खोलता येते? ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी बंद पडली तर तो दुसरी बोलावतो, माल पलटी करतो. तुमचं दुकानच गाडीवर आहे. गाडी चार दिवस गॅरेजला म्हणजे दुकान चार दिवस बंद, मळलेलं पीठ वाया, आणि रोजचं गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर. म्हणून ज्या गाडीचे पार्ट तुमच्या गावच्या दुकानात संध्याकाळी सातला मिळतात, ती तुमच्यासाठी विश्वासाची गाडी.

बीएस-४ की बीएस-६?

हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झालं. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या पाईपलाईनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो काजळी अडवतो आणि इंजिन चांगलं गरम होऊन काही वेळ सलग पळालं की ती काजळी जाळून स्वतःला साफ करतो.

आता तुमचा धंदा डोळ्यांसमोर आणा. घर ते चौक चार किलोमीटर, संध्याकाळभर उभी, रात्री चार किलोमीटर परत. फिल्टरला साफ व्हायला संधीच नाही. मग दिवा लागतो, गाडी ओढत नाही, खर्च निघतो. अशी गाडी घेतलीच, तर आठवड्यातून एकदा माल आणायच्या निमित्ताने हायवेला चांगली पळवायची, आणि किचनच्या लाईटसाठी इंजिन तासन्‌तास चालू ठेवायचं नाही.

बीएस-४ ची यंत्रणा सोपी, मिस्त्रीच्या हातातली. पण वय बघा. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी. २०१८ ची गाडी २०२६ मध्ये आठ वर्षांची होते. दरवर्षीचं पासिंग म्हणजे दरवर्षीचा खर्च आणि गाडी एक-दोन दिवस बंद. तो हिशोब किमतीत धरा.

गाडी बघायला जाताना

एकटे जाऊ नका. तुमचा स्वतःचा मिस्त्री न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला पाचशे-हजार रुपये द्या, ते वसूल होतात.

१. सकाळी जा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर समजा, थंड असताना चालू होताना काहीतरी त्रास आहे जो तुम्हाला दाखवायचा नाहीये.

२. धूर बघा. चालू करताना क्षणभर धूर येणं ठीक. निळा धूर सतत म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे इंजेक्टर, एअर फिल्टर किंवा टर्बोकडे बघा. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शंका, म्हणजे हेड गॅस्केट.

३. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ चालते. पण झाकण नाचायला लागलं, भसाभसा हवा यायला लागली, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्या. इंजिनकाम जवळ आलंय.

४. क्लच. सपाट जागेवर, समोर कोणी नाही बघून, हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. ते आरामात चालू राहिलं तर क्लचप्लेट संपलीय.

५. आता खाली झोपा. हो, खरंच झोपा, जुनं पोतं बरोबर न्या. केबिनच्या मागे आणि पाटे जिथे बसतात तिथे चासी बघा. वेल्डिंगचे जोड, तडे, ताजा काळा रंग दिसला तर थांबा. मागे कंपनीपेक्षा जादा पाटा टाकलेला असेल, तर गाडीने आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय. जादा पाट्याने गाडी उंच दिसते, पण ब्रेक, एक्सल आणि चासीची ताकद वाढत नाही. तुम्हीही नंतर हा शॉर्टकट मारू नका.

६. विचारा, "गाडी आधी काय वाहत होती?" हा माझा आवडता प्रश्न. मासळी वाहिली असेल तर बर्फाचं खारट पाणी चासीत मुरलेलं असतं, गंज आतून असतो. वीट-वाळू असेल तर पाटे आणि एक्सल दमलेले. दुधाच्या लाईनची गाडी रोज पळते, किलोमीटर जास्त असतात, पण दूध थांबून चालत नाही म्हणून देखभाल बऱ्याचदा चांगली असते. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मीटर मागे फिरवता येतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुनी नोंद मिळते का बघा. आणि स्टिअरिंग, क्लचचं पेडल, ड्रायव्हरची सीट किती झिजलीय ते बघा.

७. शेवटची आणि सगळ्यात मोठी परीक्षा: भरून चालवा. रिकामी गाडी सगळीच पळते. विकणाऱ्याला स्पष्ट सांगा, "मी वजन टाकून ट्रायल घेणार." सिमेंटची गोणी ५० किलोची, सोळा गोण्या म्हणजे ८०० किलो. सिमेंटच्या दुकानदाराची डिलिव्हरी तुमच्या गाडीतून करून द्या, तोही खुश. पण गाडीच्या क्षमतेच्या आतच भरा, आणि त्या गाडीचा विमा, पासिंग चालू आहे ना तेही आधी बघा. एखादा चढ चढवा. तापमानाचा काटा वर जातो का? उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतात का? गिअर सुटतो का? वीस मिनिटांत जे कळतं, ते अंगणात उभं राहून दोन तासांत कळत नाही.

इंजिन बांधता येतं, कागद बांधता येत नाहीत

ताईंच्या पहिल्या गाडीचं वजनात जमलंच नाही, म्हणून टोकन दिलं नाही. आठ दिवसांनी दुसरी मिळाली. दीड टनाची, इंजिन एकदम गोड. पण परिवहनच्या वेबसाइटवर नंबर टाकला तर फायनान्सचा बोजा अजून चढलेला. विकणारा म्हणाला, "हप्ते संपलेत, एनओसी येईल महिन्याभरात. तुम्ही पैसे द्या, गाडी न्या."

ताईंनी मला विचारलं. मी म्हटलं, "एनओसी हातात आली की पैसे देऊ म्हणावं."

तो माणूस परत फोनच उचलेना. ताई थोड्या नाराज झाल्या, कारण गाडी खरंच चांगली होती. पण बोजा असलेली गाडी तुमच्या नावावर होत नाही, आणि फायनान्सवाले गाडी ओढून न्यायला आले तर ते तुमचं किचनही बरोबर नेतात.

कागदांची यादी लिहून ठेवा:

- आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी स्वतः ताडून बघा.
- बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५.
- नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीने. "नाव नंतर करू" हे वाक्य ऐकलं की उठायचं. व्यवहार ठरतानाच तारीख ठरवा.
- पासिंग, पीयूसी, टॅक्स आणि विमा किती तारखेपर्यंत आहे.
- ई-चलनं. जुनी थकलेली चलनं विकणाऱ्यानेच भरायची.
- परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, आणि इथे नव्याने भरायचा टॅक्स. स्वस्त दिसणारी गाडी इथेच महाग होते.
- परमिट. भरलेलं कमाल वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही. दीड टन क्षमतेच्या काही गाड्या या रेषेच्या वर जातात, म्हणून आरसीवरचा आकडा बघा.

आणि बॉडी बनवण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत बदल होईल असं काही करायचं असेल तर आधी परवानगी लागते आणि बदल आरसीवर चढवावा लागतो. आधी ९० हजारांची बॉडी आणि मग परवानगी, हा उलटा क्रम महागात पडतो. विमा कंपनीलाही बॉडीबद्दल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आणि स्थानिक नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी वेगळी.

लायसन्सचं मात्र टेन्शन नको. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

पैशांचं गणित

माझा ठोकताळा असा. हातात ६ लाख असतील तर ६ लाखांची गाडी घ्यायची नाही. पावणेचार लाखांपर्यंत गाडी, सव्वा लाख बॉडी आणि किचन, ५० हजार पहिल्या तीन महिन्यांच्या दुरुस्तीला, ५० हजार खेळतं भांडवल. जुन्या गाडीला टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच, बेल्ट यातलं काहीतरी पहिल्या तिमाहीत लागतंच. ते पैसे बाजूला नसतील, तर ते कच्च्या मालाच्या पैशांतून जातात आणि धंदा तिथेच अडकतो.

मग रोजचा खर्च काढा. समजा हप्ता ९,०००, विमा-पासिंग-टॅक्सचा महिन्याचा वाटा १,८००, टायर आणि सर्व्हिस ३,०००, डिझेल ४,५००. एकूण १८,३००. महिन्यात २५ दिवस धंदा केला तर रोजचे ७३२ रुपये. म्हणजे पहिली भाकरी थापण्याआधी गाडी ७३२ रुपये मागते. तुमच्या एका थाळीमागे माल, गॅस, मजुरी जाऊन ३० रुपये सुटत असतील, तर पंचविसाव्या थाळीनंतर तुमची कमाई सुरू होते. गाडी बघण्याआधी हा आकडा घरच्यांना दाखवा. त्यांचे पैसेही त्यात आहेत.

शेवटी ताईंचं काय झालं?

तिसरी गाडी त्यांनी स्वतः शोधली. दुधाच्या लाईनवरची पिकअप, किलोमीटर भरपूर, रंग उडालेला, एक दरवाजा चेपलेला. पण एकच मालक, कागद साफ, चासी सरळ. मिस्त्रीने क्लच आणि मागचे दोन टायर लागतील म्हणून सांगितलं, ते त्यांनी किमतीतून कमी करून घेतले. सोळा गोण्या टाकून ट्रायलही घेतली.

परवा त्यांनी मला भुईकाट्याच्या पावतीचा फोटो पाठवला. बॉडी बसल्यावर, पाणी आणि टाक्या भरून काटा केला होता. मर्यादेच्या १६० किलो आत. खाली लिहिलं होतं, "सर, फ्रीज बसतोय."

तुम्हीही आज एकच काम करा. वही उघडा, तुमच्या गाडीवर जे जे बसणार आहे त्याची यादी करा आणि पुढे किलो लिहा. बेरीज येईपर्यंत कोणालाही टोकन देऊ नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात बॉडी बनवताना फॅब्रिकेटरला कोणते आठ प्रश्न विचारायचे ते बघू. तोपर्यंत धंदा करत रहा, हिशोब लिहीत रहा.